बोटीचं जुनं इंजिन: खोलण्याआधी पाण्याची वाट तपासा

पश्चिम किनाऱ्यावर दर वर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हे ६१ दिवस नौका काठावर असतात, आणि इंजिनांची मोठी कामं याच दिवसांत निघतात. रत्नागिरी, देवगड, मालवणच्या मालकाला क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, घासून घ्यायचा असेल, हेडला, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाला, तडा आहे का ते दाबाखाली बघायचं असेल किंवा बाजारात न मिळणारा एखादा भाग ओतून घ्यायचा असेल, तर आंबा घाट किंवा गगनबावड्याचा रस्ता चढून कोल्हापूर गाठणं सोयीचं पडतं. उद्यमनगरात घासकाम, शिरोली आणि गोकुळ शिरगावात ओतकाम. शेतीपंपाच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेले मिस्त्रीही इथे मिळतात.

अडचण अशी, की टेम्पोतून वर येतो तो फक्त ब्लॉक आणि हेड. सोबत निरोप असतो, ‘इंजिन गरम होतंय, फुल इंजिन काम करा.’ लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं सगळं नवं पडतं. काम चोख होतं. तरीही नौका पाण्यात उतरल्यावर काही दिवसांत काटा पुन्हा लाल पट्ट्याकडे सरकू शकतो. कारण कूलर, पाण्याचा पंप, एक्झॉस्टचा म्हणजे धुराच्या पाईपचा बाक आणि डिझेलची टाकी खाली बंदरातच राहिलेली असतात. आणि बोटीच्या जुन्या इंजिनाचं दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं.

म्हणून तपासणीचा क्रम आधी पाणी, मग डिझेल, मग पंखा (नौका ढकलणारा प्रोपेलर), आणि लोखंड, म्हणजे खुद्द इंजिन, सगळ्यात शेवटी.

ट्रकचं आणि बोटीचं इंजिन एकच ना?

ब्लॉक पुष्कळदा एकच असतो. सहा सिलिंडरच्या ट्रक-इंजिनाला सागरी साज चढवून ते नौकेत बसवणं आपल्याकडे जुनंच आहे. फरक कामात आहे. आंबा घाट चढणारा भरलेला ट्रक माथ्यावर पोचला की इंजिनाला उसंत मिळते. बोटीच्या इंजिनाला घाटमाथा लागतच नाही, ते दिवसभर चढणीवरच असतं. त्यामुळे ट्रकमध्ये एखाद्या इंजिनाला जितकी अश्वशक्ती सांगितलेली असते, त्यापेक्षा कमीच शक्ती त्याच इंजिनाला नौकेत सलग कामासाठी मिळालेली असते. जुना डिझेल पंप ‘जरा वाढवून’ घेणं ट्रकवर कदाचित खपेल, नौकेवर त्याची किंमत पिस्टन मोजतात.

दुसरा फरक थंड करण्याच्या पद्धतीत. ट्रकला समोरून वारा मिळतो. नौकेचं इंजिन बंद खोलीत असतं, तिथे रेडिएटर लावला तर तो तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत राहील. म्हणून उष्णता बाहेर नेण्याचं काम समुद्राच्या पाण्यावर सोपवलेलं असतं.

दोन पाणी

अगदी जुन्या किंवा छोट्या इंजिनांत समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं. अशा इंजिनांचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की उघडणारा व्हॉल्व्ह, साधारण ५५ ते ६० अंशांचा असतो, कारण त्याच्या वर खाऱ्या पाण्यातले क्षार आतल्या भिंतींवर दगडासारखे बसू लागतात.

बाकीच्या इंजिनांत दोन वेगळी पाणी असतात. गोडं पाणी ब्लॉक आणि हेडमध्ये फिरतं, खारं पाणी कूलरच्या बारीक नळ्यांतून जातं आणि गोड्या पाण्याची उष्णता उचलून नौकेबाहेर पडतं. ही इंजिनं ८० ते ८५ अंशांवर चालतात. काही नौकांत कूलरऐवजी तळाखालून नळ्या फिरवलेल्या असतात. तिथे खारा पंपच नसतो, पण नळ्यांवर शिंपले आणि शेवाळ चढलं की तीच गत.

गोडं पाणी म्हणजे विहिरीचं पाणी नव्हे. कोकणात पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असा प्रश्न येतो. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं हे त्याचं उत्तर. ओल्या लायनरच्या, म्हणजे ज्यांना बाहेरून थेट पाणी लागतं अशा लायनरच्या बाहेरच्या अंगाला कंपनामुळे सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि लोखंड टोचल्यासारखं पोखरलं जातं. योग्य कूलंट या पोखरण्याला आवर घालतं. डिस्टिल्ड पाणी आणि उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट एवढंच करायचं. नळाच्या पाण्यात ते मिसळून पैसे वाया घालवू नयेत.

खाऱ्या पाण्याचा पंप

या पंपात रबरी पात्यांचं चाक असतं, त्याला इंपेलर म्हणतात. पाणी हेच त्याचं वंगण. समुद्राचा व्हॉल्व्ह, म्हणजे खारं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, उघडायला विसरून इंजिन चालू केलं, तर मिनिटाभरातच पाती करपू लागतात. वर्षातून एकदा इंपेलर बदलायचा, आणि एक सुटा नेहमी नौकेवर ठेवायचा. बसवताना ग्रीस लावू नये, खनिज तेलाने रबर फुगू शकतं. ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी पुरतं.

जुन्या इंपेलरचं एखादं पातं तुटलेलं दिसलं तर नवा बसवून काम संपत नाही. तुटलेले तुकडे पाण्यासोबत पुढे जाऊन कूलरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतात. सगळे तुकडे सापडून, जुळवून पातं पूर्ण होईपर्यंत कूलर उघडायचाच. नव्या इंपेलरनंतरही इंजिन गरम राहण्यामागे हे कारण वारंवार असतं.

पंपाच्या अंगाखाली, दोन सीलच्या मध्ये, एक बारीक भोक असतं. तिथून खारं पाणी टपकलं की पाण्याचं सील गेलं, ऑइल टपकलं की ऑइलचं. टपकणं थांबवायला काही जण हे भोक एम-सीलने बुजवतात. मग तेच खारं पाणी बेअरिंगमध्ये आणि पंप गिअरवर बसलेला असेल तर थेट ऑइलमध्ये उतरतं.

कूलर आणि झिंक

कूलरमध्ये तांब्याच्या मिश्रधातूच्या नळ्या आणि ओतीव कवच असे वेगळे धातू एकाच खाऱ्या पाण्यात असतात. खाऱ्या पाण्यात दोन धातू विजेच्या घटासारखे वागतात आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. ती झीज दुसऱ्याच्या अंगावर जाऊ नये म्हणून जस्ताची पेन्सिलएवढी कांडी बसवतात, तिला सगळे झिंक म्हणतात. अर्धी झिजली की बदलायची. तिच्यावर रंग द्यायचा नाही, आट्यांवर टेफलॉन टेपही गुंडाळायची नाही, कारण धातूचा धातूशी संपर्क तुटला तर झिंक नुसतीच बसून राहते. सहा महिन्यांनी काढलेली झिंक जशीच्या तशी निघाली तर आनंद मानू नये. तिचा संपर्क तुटलाय आणि झीज दुसरीकडे चालू आहे.

कूलर साफ करताना दोन्ही टोपणं काढून नळ्यांतून लाकडी किंवा पितळी बारीक कांडी पाण्याच्या उलट दिशेने घालावी. लोखंडी सळईने नळीला ओरखडे पडतात आणि तिथूनच भोक पडतं. क्षार घट्ट असतील तर नळ्यांचा गाभा सायट्रिक आम्लाच्या कोमट द्रावणात बुडवावा, फेस थांबला की बाहेर काढून सोड्याच्या पाण्याने धुवावा. संडास धुण्याचं आम्ल वापरू नये; नळ्या पातळ होतात आणि कवच ॲल्युमिनियमचं असेल तर तेही खाल्लं जातं. पितळेवर गुलाबी छटा दिसली, तर त्यातलं जस्त निघून गेलंय. तो भाग दिसायला शाबूत पण ठिसूळ झालेला असतो. शेवटी एक टोक बंद करून, पाण्यात बुडवून हवेच्या हलक्या दाबाने गाभा तपासावा. बुडबुडा आला ती नळी फुटकी.

यानंतर पाणी किती वाहतं ते कळायला हवं. इन्फ्रारेड थर्मामीटर आता स्वस्त मिळतो. इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवर (आरपीएम), भार असताना, कूलरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्याचं तापमान वहीत लिहून ठेवावं. त्याच फेऱ्यांवर पुढे हा फरक वाढला तर पाण्याचा ओघ कमी झालाय. काटा चढण्याच्या कितीतरी आधी हे समजतं.

‘थर्मोस्टॅट काढून टाकला की झालं’

हा सल्ला घाटावर आणि घाटाखाली सारखाच लोकप्रिय आहे, आणि दोन्हीकडे चुकीचा. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बगलेची वाट बंद करतो. तो काढला तर पाणी कूलरला वळसा घालून तसंच ब्लॉकमध्ये फिरत राहतं, म्हणजे इंजिन अधिकच तापू शकतं. ज्यांत तसं होत नाही, ती इंजिनं कायम थंड चालतात: डिझेल पुरतं जळत नाही, ऑइलमध्ये उतरतं, लायनरवर काचेसारखा थर चढतो आणि रिंगा बसत नाहीत. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर पातेल्यात पाणी गरम करून थर्मामीटरसह तो कधी उघडतो ते बघावं.

इंजिन नेमकं कधी तापतं यावरूनही बरंच कळतं. रिकाम्या फेऱ्यांवरही तापत असेल तर पाणी फिरतच नाही: पंप, हवा धरलेली वाट, अडकलेला थर्मोस्टॅट. फक्त भारावर तापत असेल तर कूलर तुंबलाय किंवा पंखा जड आहे.

ऑइल दुधी झालं, म्हणजे हेड गॅस्केट?

असेलही. पण आधी कुठलं पाणी आलंय ते ठरवा. गोड्या पाण्याच्या टाकीची पातळी उतरत असेल तर गॅस्केट, हेडचा तडा किंवा लायनरची रबरी रिंग. पातळी जागच्या जागी आणि ऑइल मात्र दुधी, तर खारं पाणी: बहुधा ऑइल कूलर किंवा पंपाचं सील. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत दिला तर सोडियमसोबत मॅग्नेशियम वाढलेलं दिसणं हे समुद्राच्या पाण्याचं लक्षण. फक्त गिअरबॉक्सचं ऑइल दुधी असेल तर त्याचा स्वतंत्र कूलर फुटलाय आणि इंजिनाला हात लावायचं कारण नाही.

ऑइल कूलरची एक खोड फसवते. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून ऑइल पाण्यात जातं. इंजिन बंद झाल्यावर पाणी ऑइलमध्ये जाऊ शकतं. त्यामुळे संध्याकाळी ऑइल स्वच्छ आणि सकाळी दुधी, असं घडतं.

गोड्या पाण्याच्या टाकीत फेऱ्या वाढवल्यावर वाढणारे बुडबुडे दिसले, तर मात्र जळालेला वायू पाण्यात शिरतोय. मग हेड उतरवावं लागेल.

एक्झॉस्टमधून उलटं येणारं पाणी

बऱ्याच नौकांत कूलरमधून निघालेलं खारं पाणी एक्झॉस्टच्या बाकात सोडतात, म्हणजे धूर आणि पाईप दोन्ही थंड होतात. हा बाक आतून काजळी आणि मिठाने हळूहळू बुजतो. वाट अरुंद झाली की धूर काळा होतो, जोर कमी होतो, आणि दोष इंजेक्टरवर जातो. दर दोन-तीन वर्षांनी बाक सोडवून आत बॅटरी मारावी. ओतीव असल्यामुळे तो आतून कुजतो आणि बाहेरून रंग चकचकीत राहतो.

पाणी सोडण्याची जागा पाणरेषेच्या खाली किंवा जेमतेम वर असेल, तर नळीचा उंच वळसा आणि त्याच्या माथ्यावर हवा घेणारा व्हॉल्व्ह हवाच. तो मिठाने चिकटला तर इंजिन बंद असतानाही पाणी ओढलं जातं आणि सिलिंडरपर्यंत पोचू शकतं. तसंच, इंजिन लागत नाही म्हणून सेल्फ (स्टार्टर) मारत राहिलं तर पंप पाणी फेकत राहतो, पण ते ढकलायला धुराचा जोर नसतो. तीन-चार प्रयत्नांत इंजिन लागलं नाही की समुद्राचा व्हॉल्व्ह बंद करावा. लागलं की लगेच उघडावा.

सेल्फ ‘टक’ करून थांबला तर पुन्हा मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर काढून क्रँक हाताने फिरवा आणि पाणी बाहेर येतंय का बघा.

डिझेल

टाकीच्या तळाशी पाणी साचतं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून काळा चिकट गाळ होतो. खवळलेल्या समुद्रात टाकी ढवळली की तो फिल्टरमध्ये येतो, म्हणून इंजिन नेमकं नको तेव्हा बंद पडतं. टाकीच्या तळाचं पाणी आणि गाळ काढून घ्या, पाणी वेगळं करणारा काचेचा वाटीफिल्टर आधी आणि बारीक फिल्टर नंतर ठेवा. बंदीच्या काळात टाकी भरलेली ठेवावी. रिकाम्या जागेतली दमट हवाच पाणी बनते.

एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत अडकलेली हवा, काढण्याचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे: वाटीफिल्टर, हातपंप मारत बारीक फिल्टरचा स्क्रू, मग डिझेल पंपाचा स्क्रू, आणि शेवटी इंजेक्टरच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ. पुन्हा पुन्हा एअर धरत असेल, तर टाकी ते हातपंप या ओढीच्या भागात गळती आहे. तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही.

इंजेक्टर दाबयंत्रावर तपासताना फवारा धुक्यासारखा हवा आणि शेवटी थेंब लटकता कामा नये. जुन्या थेट फवाऱ्याच्या इंजिनांत उघडण्याचा दाब साधारण १७५ ते २५० बार असतो. नेमका आकडा पुस्तिकेतला. फवाऱ्यापुढे हात धरायचा नाही, डिझेल कातडीतून आत घुसतं आणि ती जखम दिसते त्याहून फार गंभीर असते.

काळा धूर म्हणजे रिंगा गेल्या?

रिंगा गेल्याचा धूर निळसर असतो, कारण ऑइल जळतं. काळा म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी किंवा भार जास्त. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा वाफ.

भार जास्त असण्याचं मोठं कारण पंखा. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते: ८० टक्के फेऱ्यांवर सुमारे ५१ टक्के शक्ती पुरते. म्हणजे शेवटच्या थोड्या फेऱ्यांसाठी शक्ती जवळपास दुप्पट लागते. रिकाम्या इंजिनाने फेऱ्या पूर्ण होतात, पण नौका पळताना पूर्ण थ्रॉटलवर प्लेटवरच्या फेऱ्या गाठल्या जात नाहीत, तर पंखा इंजिनाला जड आहे किंवा त्यावर शिंपले चढलेत. पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात जितका पुढे सरकेल ते अंतर, एक इंच कमी केली की ढोबळमानाने दीडशे ते दोनशे फेऱ्या वाढतात. पंखा कमी करून घ्यायला मालक नाखूश असतात, वेग जाईल म्हणून. गुदमरलेलं इंजिन वेग देत नाही, फक्त डिझेल खातं.

खोलायचंच ठरलं तर

गरम इंजिनावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली गेल्यावरचा दाब, मोजा. बहुतेक जुन्या डिझेलमध्ये ते २५ ते ३० बार असतं. एखाद्या सिलिंडरचा फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल तर संशय घ्यावा. पण कमी कॉम्प्रेशन टॅपेटमुळेही, म्हणजे व्हॉल्व्हची फट चुकल्यामुळेही येतं, म्हणून आधी टॅपेट लावा. १-५-३-६-२-४ या क्रमाने पेटणाऱ्या सहा सिलिंडर इंजिनात सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले की पहिल्याचे टॅपेट लावायचे. जोड्या १-६, २-५, ३-४. कॉम्प्रेशन खरंच कमी, ऑइलच्या टोपणातून धुराचा जोर, गरम झाल्यावर ऑइलचा दाब पडलेला आणि फिल्टरमध्ये धातूची चमक असेल, तर इंजिन घाट चढू द्या. सोबत कूलर, खारा पंप, एक्झॉस्टचा बाक आणि पंख्याचा व्यास-पिच लिहिलेला कागदही द्या.

वर्कशॉपमध्ये विचारायच्या गोष्टी मोजक्या. क्रँक दहा थाउ म्हणजे ०.२५ मिमीच्या पायऱ्यांनी घासतात. प्रत्येक बेअरिंगची फट मोजून लिहून घ्या. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) ७० मिमीचं असेल तर फट ०.०७ मिमीच्या आसपास. रिंगेच्या तोंडाची फट १०० मिमी बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) ०.३ ते ०.४ मिमी, प्रत्येक रिंग तिच्याच लायनरमध्ये घालून मोजलेली. ओला लायनर ब्लॉकच्या पातळीवर किती उभा राहिला ते सगळ्या सिलिंडरांवर बघा; एक जरी खाली बसला तर तिथलं गॅस्केट उडणार. हेड घासलं असेल तर नोझल किती बाहेर येतं ते पुन्हा तपासावं लागतं, नाहीतर फवारा पिस्टनवर चुकीच्या जागी पडतो.

बुडालेलं इंजिन

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पंचगंगाकाठच्या मंडळींना बुडालेली इंजिनं नवी नाहीत. गोड्या पाण्यात बुडालेल्या इंजिनाला थोडी सवड मिळते. खाऱ्या पाण्यात मात्र गणित तासांचं, आणि घड्याळ चालू होतं ते इंजिन बाहेर काढून हवा लागल्यावर. मिस्त्री, गोडं पाणी, डिझेल आणि ऑइल हाताशी नसेल तर शक्य असल्यास ते बुडालेलंच ठेवणं शहाणपणाचं. बाहेर आलं की इंजेक्टर काढा, गोड्या पाण्याने आतून-बाहेरून भरपूर धुवा, हाताने फिरवून पाणी काढा, सिलिंडरमध्ये डिझेल-ऑइलचं मिश्रण घाला, ऑइल भरून इंजिन चालवा आणि ऑइल दुधी येणं थांबेपर्यंत बदलत राहा. सेल्फ आणि अल्टरनेटर उघडून सुकवायचे. नुसते उन्हात ठेवून भागत नाही.

पुन्हा बसवताना

इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट एका रेषेत आणण्याचं काम नौका काठावर असताना पक्कं करू नका. पाण्यात उतरल्यावर नौकेचा आकार किंचित बदलतो. एक-दोन दिवस तरंगू द्या, मग कपलिंगच्या दोन तबकड्यांमधली फट फिलर गेजने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे मोजा. १०० मिमीच्या तबकडीवर फरक ०.१ मिमीच्या आत हवा. ग्लँडची, म्हणजे शाफ्ट नौकेबाहेर पडतो तिथल्या पाणीरोधक सांध्याची, दोरी बदलताना प्रत्येक वेढा वेगळा कापून सांधे एकाखाली एक येऊ न देता बसवा. शाफ्ट फिरताना थेंब थेंब पाणी यायलाच हवं, पूर्ण कोरडी ग्लँड शाफ्टला खाते.

पहिल्या फेरीत पूर्ण थ्रॉटलवर फेऱ्या, ऑइलचा दाब आणि खाऱ्या पाण्याचं आत-बाहेरचं तापमान लिहून घ्या. पुस्तिकेत सांगितलं असेल तर हेडचे बोल्ट इंजिन थंड झाल्यावर पुन्हा टॉर्कने तपासा, त्यानंतर टॅपेट परत लावा, आणि पहिलं ऑइल व फिल्टर ५० तासांच्या आत बदला. काढलेला फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघायला विसरू नका.